धुळे ते उज्जैन, पुढच्या चाकाची थरथर

धुळ्याच्या टायरवाल्या बापूनं मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे नद्या येतील, धुकं येईल, पोहे येतील, आणि त्यात मूळ मुद्दा वाहून जायला नको.

मी पाण्याच्या मोटारी भरतो. शेतातल्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देतो. पत्र्याच्या टपरीत सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. कुणी दिलं नाही, मी मिळवलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मोटारसायकल घेतली तेव्हा मंगलला, म्हणजे बायकोला, म्हणालो होतो, "तुला उज्जैनला ताईकडे या गाडीवर नेईन." त्याला आता सव्वीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मोटारी जळत राहिल्या, दर हिवाळ्यात काही ना काही निघालं. यंदा पौषात मंगल एवढंच म्हणाली, "आता गाडीपण म्हातारी झाली." त्याच संध्याकाळी मी दोन नवे टायर घेऊन आलो.

टायर घाऊक दुकानातून आणले होते, हवा तो भाव पाडून. रात्रभर ते घरात राहिले. सकाळी मंगलनं त्यांना पाटावर आडवं ठेवून हळदकुंकू लावलं, जसं ती आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला लावते, मिक्सरपासून मोबाइलपर्यंत. मग मी ते बापूकडे नेले. त्याचं दुकान बायपासला, वडाखाली.

"बसवायचे वेगळे, बॅलन्सिंगचे वेगळे," बापू म्हणाला.

"बॅलन्सिंग बसवण्यातच आलं," मी म्हणालो, आणि त्यावर दोनदा आवाज चढवला. त्यानं पाना उचलला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठलंही चाक सगळीकडून सारख्या वजनाचं नसतं. कुठेतरी ते गव्हाच्या चार दाण्यांइतकं जड असतं. तो जडपणा शोधून समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा लावायचा, त्याला बॅलन्सिंग म्हणतात. नाही लावला तर वेगात चाक उड्या मारतं आणि हँडल थरथरतं. शिवाय कारखान्यातून टायरवर पिवळा ठिपका येतो. ती टायरची हलकी बाजू. हवा भरायचा व्हॉल्व्ह जड, म्हणून ठिपका व्हॉल्व्हजवळ आणायचा. हे मला ठाऊक होतं. मी बापूच्या डोक्यावर उभा राहून बोट दाखवलं. "तो बघ पिवळा ठिपका. व्हॉल्व्हजवळ घे."

त्यानं ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घेतला. मग चाक घेऊन आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. चाकाच्या एका तारेवर, म्हणजे स्पोकवर, शिसं दाबलेलं होतं. "झालं बॅलन्सिंग, भाऊ."

दोन मिनिटांत होत नाही, हे मोटारीचा रोटर रोज फिरवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण फुकट मिळालेल्या गोष्टीला माणूस घड्याळ लावत नाही.

तापीपासून नर्मदेपर्यंत

पहाटे तापीच्या पुलावर इतकं धुकं होतं की नदी आहे हे फक्त गारव्यावरून कळलं. पुलाचे कठडे समोरून एकेक करून यायचे आणि मागे विरून जायचे. आपण जात नाही, रस्ताच कुणीतरी खालून ओढून घेतंय असं वाटत होतं. मंगलनं शालीतून हात काढून माझ्या खिशात घातला. सव्वीस वर्षांत आम्ही असे कुठे निघालोच नव्हतो.

शिरपूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, मी वेग वाढवला. साठला पोचलो आणि मागून मंगलच्या बांगड्या वाजायला लागल्या. आधी वाटलं ती काहीतरी शोधतेय. मग माझ्या मनगटात मुंग्या आल्या. हँडल थरथरत होतं. वेग कमी केला की बांगड्या गप्प, वाढवला की सुरू.

बिजासनच्या घाटात एका ट्रकनं अगदी शेजारून हूल दिली. मी जोरात पुढे निघायला गेलो तर हँडल असं हललं की गाडी कडेच्या खडीत उतरली. पडलो नाही. पण मंगल उतरली, शाल झाडली आणि चढ चालायला लागली. मी मागून गाडी हळूहळू आणत बापूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. वळणावर ती थांबली.

"मी परत बसते," ती म्हणाली, "कारण इथे बस थांबत नाही. पण येताना मी उज्जैनहून बसनं येणार. तुम्ही एकटे या."

हे तिनं न रागावता सांगितलं. मंगल रागावून जे बोलते ते दुसऱ्या दिवशी बदलतं. न रागावता बोलते ते बदलत नाही.

पुढचा सगळा रस्ता चाळीसच्या वेगानं. इतक्या हळू गेल्यावर जग फार मोठं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. एकेक बाभूळ बराच वेळ सोबत चालायची. मिरच्या वाळत घातलेलं एक लाल अंगण इतका वेळ दिसत राहिलं की त्यातली म्हातारी आम्हाला ओळखीची वाटायला लागली. जाताना मंगलनं तिला हातसुद्धा केला. खलघाटला नर्मदेच्या पुलाजवळ चहा घेतला. नदी उन्हात हलत नव्हती. चहाचा कप मात्र माझ्या हातात हलत होता. गाडी बंद होऊन अर्धा तास झाला होता, तरी थरथर बोटांत शिल्लक होती.

मानपूरचा घाट चढून माळव्यात शिरलं की माती काळी होते, तशी आपल्याकडेही आहे, पण इथला गहू पोपटी आणि गच्च, आणि वाऱ्यात लसणाचा वास. लोक रस्ता विचारला तर हातातलं काम टाकून गाडीजवळ येतात. धुळ्यात मान वळवूनही कुणी सांगणार नाही. उज्जैनला पोचलो तेव्हा दिवे लागत होते.

फ्रीगंज

मंगलची थोरली बहीण कुमुदताई निवृत्त शिक्षिका. यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे चाळीस वर्षांपूर्वी इकडे आली. यजमान गेले, ती इथेच, उज्जैनच्या फ्रीगंज भागात राहिली. मराठी आमचीच, पण मधून मधून हिंदीत पाय टाकून चालणारी.

"सुभाषराव, इतका उशीर? मी तर दोपहरपासून वाट पाहतेय," ती दारातच म्हणाली.

मंगल म्हणाली, "ताई, सोमवारचं धुळ्याचं बसचं तिकीट काढून दे. एकच."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी बापूबद्दल बोलायला लागलो, पिवळा ठिपका, शिसं, दोन मिनिटं, सगळं. जेवण होईपर्यंत बोलत होतो.

सकाळी टावर चौकात पोहे खायला गेलो. आपल्याकडे पोहे फोडणीत परततात. इथे ते वाफेवर गरम ठेवतात, वर बडीशेप, शेव, कांदा आणि जिरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. शेजारी जिलबी. तिखटाबरोबर गोड आणि तेही सकाळी, हे मला आधी लबाडीचं वाटलं. दुसऱ्या प्लेटला पटलं. मंगलला ताईसाठी शाल घ्यायची होती. मी दुकानदारानं सांगितल्याच्या निम्मा भाव सांगितला आणि नेहमीप्रमाणे पाठ फिरवून चालू लागलो. धुळ्यात दहाव्या पावलाला हाक येते. इथे मी चौक ओलांडला, तरी हाक नाही. परत गेलो तर दुकानदार हसून म्हणाला, "घूम आए भैया? बैठो, पानी पियो." भाव तोच. अशा गावात माणसानं भांडावं तरी कुणाशी?

चाकाबद्दल ताई म्हणाली, "तुम्ही टेन्शन नका घेऊ. आपले पागनीस काका आहेत ना मागच्या गल्लीत. टाइम लावतात, पण काम एकदम बढिया."

पागनीस काका सत्तरीचे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोड्यांना दाणावैरण मोजून द्यायचे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी पहिल्याच वाक्यात भाव विचारला.

"भाव नंतर," ते म्हणाले. "आधी चाक काय म्हणतं ते ऐकू. पंखा बंद करा."

"थंडी आहे, पंखा सुरूच नाही."

"मग शटर अर्धं खाली घ्या. हवेनं पण फरक पडतो. आणि तुम्ही जरा गप बसा. तुमच्या बोलण्यानं पण हलतं ते."

मला असं सांगणारा माणूस गेल्या वीस वर्षांत भेटला नव्हता. मी स्टुलावर बसलो.

त्यांनी पुढचं चाक काढलं, मधून एक गुळगुळीत सळई घातली आणि सळईची दोन टोकं दोन बेअरिंगांवर ठेवली. चाक आता हवेत, कशालाही न टेकता. बापूचं शिसं त्यांनी पकडीनं काढून बाजूला टाकलं. मग एका बोटानं चाकाला जरासं ढकललं.

चाक फिरलं, मंद होत गेलं, थांबेल असं वाटलं, पण उलट फिरलं, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, पाळण्यासारखं, प्रत्येक वेळी थोडं कमी, आणि अखेर एका जागी थांबलं. काकांनी तळाला खडूची रेघ मारली. पुन्हा ढकललं. पुन्हा तोच झोका, पुन्हा रेघ तळाला. अर्ध्या शटरखालून येणारं ऊन तारांमधून जाऊन भिंतीवर फिरत होतं. चाक मंद झालं की भिंतीवरच्या सावल्याही मंद व्हायच्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात ओरडतोय असं वाटलं. माझ्या बोटांतली थरथर केव्हा गेली ते कळलं नाही. एक तास मी काही बोललो नाही, काही मागितलं नाही, कुणाशी भांडलो नाही. टपरीच्या दिवसांपासून असा एक तास मला आठवत नाही.

"हे तर गडबड आहे," काका म्हणाले. "जड बाजू बरोब्बर व्हॉल्व्हपाशी येतेय. ठिपका तर इथेच लावलाय, मग इथे हलकं पाहिजे." त्यांनी पिवळ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा नाकाशी नेला. मग माझ्यापुढे धरला.

हळद.

त्यांनी चाक उलटं केलं. टायरच्या दुसऱ्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध टोकाला, कारखान्याचा ठिपका होता. मंगलनं टायर पाटावर ठेवले तेव्हा ती बाजू खाली गेली होती. तिनं वरच्या बाजूला बोट टेकलं होतं, तेवढंच. कुंकू रस्त्यात पुसलं गेलं असेल. हळद राहिली, आणि मी बापूला बोट दाखवलं ती ही.

"घरात कुणी पूजा केली का?" काकांनी विचारलं. त्याच वेळी शटरबाहेर बांगड्यांचा आवाज आला. मंगल आणि ताई चहा घेऊन येत होत्या.

मी खिशातून रुमाल काढला आणि ठिपका पुसून टाकला.

"काय झालं होतं?" मंगलनं वाकून आत येत विचारलं.

"टायर उलटा बसवला होता त्या चोरानं."

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हां, टायर थोडा फिरवून बसवावा लागेल," आणि कामाला लागले. टायर रिमवरून उतरवून अर्धा फेरा फिरवला, पुन्हा बसवला. उरलेल्या फरकासाठी शिशाची तार एका स्पोकवर गुंडाळली, चाक झुलवलं, तारेचा नखाएवढा तुकडा कापला, पुन्हा झुलवलं. शेवटी त्यांनी मंगलला बोलावलं. "बेटा, फिरव. जिथे वाटेल तिथे थांबव."

मंगलनं चाक फिरवून हातानं थांबवलं आणि सोडलं. ते तिथेच राहिलं. वेगळ्या जागी थांबवलं, तिथेही राहिलं. ती चारपाच वेळा तसं करत होती.

मग काकांनी भाव सांगितला. मी कमी करा म्हणालो नाही. ताईला माझ्या तब्येतीची काळजी वाटली, हात लावून ताप पाहिला.

राम घाट

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर घाटावर गेलो. गावातल्या गावात म्हणून मंगल बसली. शिप्रेवर धुकं होतं, समोरचा काठ नव्हताच. पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि पाण्याखालीही उतरत असाव्यात असं दिसत होतं. घंटा वाजत होती, पण कुठल्या देवळाची ते धुक्यानं सांगितलं नाही.

एका गुरुजींनी संकल्प करा म्हणून धरलं. मी भाव विचारला. ते म्हणाले, "भाव तो सब्जी का होता है जजमान, संकल्प का तो मन होता है." आणि लगेच, "फिर भी इक्यावन दे दो." मी एकवीस म्हणालो. ते म्हणाले, "चलो, आपका मन इतना ही है." मी एक्कावन्न दिले. मंगल पदर तोंडाला लावून हसत होती.

तिनं पानाच्या द्रोणात दिवा सोडला. तो काठापाशीच घुटमळला, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, मग प्रवाहात शिरून धुक्यात गेला. उजेड जरा वेळ दिसत होता.

"मंगल," मी म्हणालो, "इंदूर रोडला दहा किलोमीटर चल. बांगड्या वाजल्या तर बसनं जा. मी स्वतः बसवून देईन."

इंदूर रोडवर ऊन पडायला लागलं होतं. मी साठला गेलो. मग सत्तरला. कान मागे होते. वारा होता, इंजिन होतं, तिसरा आवाज नव्हता.

"आता सुरू होईल का?" तिनं विचारलं.

"व्हायची जागा मागे गेली," मी म्हणालो.

घरी आल्यावर मंगल ताईला म्हणाली, "ते तिकीट राहू दे."

परत

निघायच्या आदल्या दिवशी मंगलनं कपडे धुतले. सोमवारी आम्ही दोघं गाडीवर निघालो. मानपूरच्या उतारावरही हँडल दगडासारखं स्थिर होतं. कुठेतरी वाटेत तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं आणि तसंच राहिलं. ती झोपली की काय म्हणून मी वेग कमी केला, तर म्हणाली, "जागी आहे. चालू द्या."

खलघाटला त्याच टपरीवर चहा घेतला. माझा कप हलत नव्हता. नदीकडे पाहत ती म्हणाली, "तुमचा रुमाल धुतला. साबण लावल्यावर डाग लाल झाला."

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला माहीत नव्हतं. मी कधी कपडे धुतले नाहीत.

"उलट्या बाजूला लावली का मी?" तिनं विचारलं.

"बाजू कुठे लिहिलेली असते," मी म्हणालो. "बोट मी दाखवलं."

"आणि तो बापू? त्याला हळद कळली नाही? दिवसभर टायर हाताळतो माणूस."

मी चहाचे पैसे देऊन गाडी सुरू केली. पण पुढचे दीडशे किलोमीटर मी तेच घोळवत होतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वडाखाली गेलो. ओरडलो नाही. बापूला ते जड गेलं असावं, कारण त्यानं पाना खाली ठेवला.

"भाऊ, कळलं होतं मला," तो म्हणाला. "हाताला वास आला. खरा ठिपका खालच्या बाजूला दिसला पण होता. पण तुम्ही त्याआधी दोनदा ओरडला होता. म्हटलं, आता हा माणूस अंगावर येईल. जाऊ द्या."

"आणि चाक आत नेलं, ते फिरवलं का?"

तो वडाकडे पाहायला लागला.

माझा दोष मी घेतला. फुकट मागितलं, मोठ्यानं मागितलं, चुकीच्या जागी बोट दाखवलं. सगळं मान्य. पण एका शेतकऱ्यानं माझ्या दुकानात माझी कॉलर धरलेली असताना मी त्याला सांगितलं होतं, "आधी मला मार, पण ही मोटार अशी पाण्यात सोडू नको, करंट उतरेल." गिऱ्हाईक तापट आहे म्हणून खरं गिळायचं, हा धंद्याचा नियम मला कुणी शिकवला नाही. मी ओरडलो असतो, पाच मिनिटं ओरडलो असतो, आणि मग गप्प बसलो असतो. घाटात ट्रकशेजारी खडीत उतरलो तेव्हा गाडीवर मी एकटा नव्हतो. मागे बसली होती तिनं बापूवर कधी आवाज चढवला नाही. तिला तर त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. ती सव्वीस वर्षं थांबून निघाली होती.

खरं का गिळलं, याचं उत्तर मला नको. बापूनं ते तिला द्यावं. घर त्याला माहीत आहे.